मुक्तागिरी आणि मेळघाट : सूर्याच्या वेळेने करावयाची यात्रा

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर सातपुड्याची गाविलगड रांग पसरली आहे. याच डोंगरांत मुक्तागिरी हे सिद्धक्षेत्र वसले आहे, आणि पश्चिमेकडे मेळघाटचे सागवानी अरण्य सुरू होते. मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात मोडत असले, तरी यात्रेकरूंचा नित्याचा मार्ग वऱ्हाडातून जातो. रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती गाठावे. अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आणि तेथून मुक्तागिरी साधारण १५ किलोमीटर आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. उन्हाळ्यात वऱ्हाडचे ऊन वृद्धांना सोसत नाही. पावसाळ्यात मुक्तागिरीचा धबधबा मनोहर दिसतो खरा. पण पायऱ्या निसरड्या होतात, घाटात धुके दाटते आणि वाटेवर जीवजंतूंची दाटी असते. चातुर्मासात साधू विहार का थांबवितात, याचा अर्थ येथे चालताना सहज उमगतो.

पायथ्याच्या धर्मशाळेत मुक्काम करून पहाटे चढण सुरू करावी. डोंगरावरील ५२ मंदिरांचे दर्शन घाईने उरकण्याजोगे नाही. अनवाणी चढणाऱ्यांना दुपारी तापलेला दगड त्रास देतो. म्हणून ऊन चढण्यापूर्वी खाली यावे.

दुसरा दिवस चिखलदऱ्यासाठी ठेवावा. सुमारे ११०० मीटर उंचीवरील या ठिकाणी हिवाळ्यात रात्री बोचरी थंडी असते. गरम कपडे अवश्य असावेत. गाविलगड किल्ला आणि कॉफीचे मळे येथे पाहता येतात. पुढे सेमाडोह वा कोलखास येथे राहावयाचे असल्यास वनखात्याकडे आगाऊ नोंदणी करावी व प्रवेशाचे नियम आधीच विचारून घ्यावेत. इंधन, नित्याची औषधे आणि रोख रक्कम यांची सोय परतवाड्यातच करावी, कारण जंगलात मोबाइलचा भरवसा नसतो. शुद्ध आहार सर्वत्र मिळेलच असे नाही; खाकरे, दशम्या, चिवडा, सुकामेवा आणि पाणी गाळण्याचे स्वच्छ वस्त्र जवळ असावे.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य सूर्यास्ताचे. रात्रिभोजनत्याग करणाऱ्या कुटुंबाला ते नवे नाही. अरण्यात मात्र त्याला आणखी एक कारण मिळते. तिन्हीसांजेला हरणे, गवे, अस्वले रस्ता ओलांडू लागतात, आणि भरधाव गाडी त्यांच्या व प्रवाशांच्याही जिवावर बेतते. उजेड असतानाच मुक्काम गाठून भोजन उरकले, तर व्रतही सांभाळले जाते आणि जीवदयाही.

मुक्तागिरीला मेंढागिरी असेही म्हणतात. कड्यावरून कोसळलेल्या मेंढ्याला ध्यानस्थ मुनींनी अंतकाळी णमोकार मंत्र ऐकविला, तो देवगतीस गेला आणि त्याने येथे मोत्यांची वृष्टी केली, अशी आख्यायिका आहे. एका मुक्या जिवाच्या सद्गतीशी ज्या तीर्थाचे नाव जोडले गेले, तेथे जाणाऱ्याने वानरांना खाऊ टाकून त्यांची सवय बिघडवू नये, प्लास्टिक रानात सोडू नये, कर्णा वाजवून पाखरांना उठवू नये. कोरकू वस्तीत छायाचित्र घेण्यापूर्वी अनुमती मागावी. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्पात आहे. परंतु शासनाचा नियम जेथे पोहोचत नाही, तेथे यात्रेकरूचा संयमच त्या वनाचे रक्षण करतो.