डालग्याखालचं ऊन

आजीच्या परड्यात सकाळी डालगं उचललं की कोंबड्या आधी उकिरड्याकडे धावायच्या. पोट भरलं, ऊन जरा वर आलं, की एकेक कोंबडी भिंतीकडेच्या मऊ मातीत खळगा करून लवंडायची. एक पंख पसरलेला, एक पाय लांब ताणलेला, डोळे अर्धे मिटलेले. मला ती मेल्यासारखी वाटायची. मी ओरडत घरात पळायचो. आजी चुलीपुढून न उठताच म्हणायची, "मरायला काय झालंय तिला? ऊन खातीय."

आज माझ्या शेडमध्ये तीन हजार लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, आहेत. पिंजरे नाहीत, खाली भाताचं तूस. पण शेड चहूबाजूंनी बंद. पहाट बटणावर होते. ४ वाजता दिवे लागतात, रात्री ८ ला विझतात. अंड्यांचं गणित या १६ तासांच्या उजेडावर बसलेलं, आणि आपल्याकडचा हिवाळ्यातला दिवस जेमतेम ११ तासांचा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं म्हणतात. आम्ही कोंबडं झाकलं आणि उजाडणंही ताब्यात घेतलं.

हे जमलं ते 'ड' जीवनसत्त्वामुळे. शंभर वर्षांपूर्वी बंद खुराड्यात वाढवलेली पिल्लं पायांनी अधू व्हायची. ऊन किंवा कॉड माशाचं तेल मिळालं की सावरायची. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ साली दाखवलं, की खाद्यावर अतिनील किरण सोडले तरी मुडदूस टळतो. उन्हातला औषधी गुण पोत्यात भरता येऊ लागला आणि कोंबडी बारा महिने छपराखाली राहू शकली. माझ्याकडे तो आज खाद्यात मिसळायच्या प्रीमिक्सच्या पिशवीतून येतो.

तरी उतरत्या वयाच्या बॅचमध्ये कवच पातळ पडतं, एखादी कोंबडी बसल्या जागची उठत नाही. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, तेही बहुतेक रात्रीतून. खाद्यातलं पुरलं नाही की कोंबडी स्वतःची हाडं खर्ची घालते. आमच्या डॉक्टरांनी एकदा मेलेली कोंबडी फाडून तिच्या छातीचं हाड माझ्या हातात दिलं. ते वाकडं होतं, मोडून पुन्हा सांधलेलं. त्या दिवशी अतिनील दिव्यांचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं.

कोरोनानंतरचे दिवस. ट्यूब विकायला आलेला माणूस म्हणाला, "यूव्ही म्हणजे यूव्ही. जंतूही मरतील, व्हिटॅमिनही मिळेल." निळसर, शांत उजेड. मला आवडला. एका टोकाला चार ट्यूब लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या टोकाच्या कोंबड्या खाद्यावर येईनात. डोळे मिटून उभ्या, डोकं पंखावर घासतायत. तूस हलवणारे मामा म्हणाले, "मालक, माझेबी डोळे चुरचुरतायत. वेल्डिंगकडं बघितल्यागत."

डॉक्टरांनी ट्यूब उतरवून वरचा आकडा वाचला आणि कपाळाला हात लावला. २५४ नॅनोमीटर. ही यूव्ही-सी, जंतू मारायची, रिकाम्या जागेत वापरायची. कोंबडीला हव्यात तिच्या दोन बहिणी. २८० ते ३१५ ची बी आणि त्यापुढची ४०० पर्यंतची ए. खिडकीच्या काचेतून ए बरीचशी आत येते, बी जवळजवळ येतच नाही. एका नावाखाली तीन स्वभाव, आणि मी पारख केली ती निळाईवरून.

बी-किरण कातडीत 'ड' जीवनसत्त्वाची सुरुवात करून देतात. पण कोंबडीचं अंग पिसांनी झाकलेलं. तिचा कच्चा माल साठलेला असतो तो उघड्या पायांच्या कातडीत, पाठीच्या मानाने कितीतरी पट जास्त. हे ऐकलं आणि मला तो मातीत ताणलेला पाय आठवला. जर्मनीत हाले इथल्या संशोधकांनी कोंबड्यांवर बी-किरण सोडून पाहिले, तर पिवळ्या बलकातही 'ड' वाढलं. मात्र मात्रा चुकली की हेच किरण डोळे आणि कातडी भाजतात.

ए-किरणांचं काम वेगळं. ते कोंबडीला दिसतात. आपले रंग डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींवर चालतात, तिच्याकडे चौथी आहे. आपल्या डोळ्यातलं भिंग हे किरण अडवतं, तिचं अडवत नाही. आमच्या पांढऱ्या एलईडीत ते जवळपास नसतातच. म्हणजे मी लख्ख समजत होतो त्या शेडमध्ये तिच्या लेखी एक रंग कायमचा विझलेला होता, शेजारणीच्या पिसांवरचाही.

आता माझ्याकडे ए-किरणांचे दिवे दिवसभर असतात. बीचे टायमरवर, थोडा वेळ, ठरल्या उंचीवर. खाली येऊन लवंडणाऱ्या कोंबड्या आहेत, आणि नको असेल तिला सरकायला सावलीही आहे. यंदा पिसं उपटण्याची खोड कमी दिसली. पण त्याच बॅचला तूसही नवं टाकलं होतं, म्हणून सगळं श्रेय दिव्याला देताना जीभ अडखळते. कॅल्शियमसाठीचा शिंपला आणि प्रीमिक्स मी बंद केलेलं नाही. हाड फक्त उजेडाने बांधलं जात नाही.

परवा मामा म्हणाले, "त्या कोपऱ्यात आता कुणीच लवंडत न्हाई." मी जाऊन पाहिलं. दिवा शेजारच्या दिव्याइतकाच उजळ. तूस कोरडं, हवा ठीक. मग स्टुलावर चढून दिव्याच्या टोकावर मार्करने लिहिलेली तारीख वाचली. वर्ष उलटून गेलं होतं. या दिव्यांमधले किरण आधी मरतात, उजेड मागे राहतो.

दिवा बदलला. आता रोजच्या वहीत अंडी, मरतूक, खाद्य या रकान्यांपुढे मामांनी सांगायचा आणखी एक रकाना आखलाय: दुपारी कोणत्या कोपऱ्यात किती लवंडल्या.