एका सतरंजीवर

प्रिय सूनबाई,



परवा फोनवर तू विचारलंस, "आई, रोज संध्याकाळी मुलांना घेऊन शास्त्र वाचायचं ठरवलंय, पण सुरुवात कुठून करू? मला तरी सगळं कुठं कळतंय?" मी "नीतिसूत्रांपासून कर" म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र ते उत्तर मला टोचत राहिलं. त्या पुस्तकाचं मी एकदा आपल्या घरात काय केलं, ते तुला सांगायचं राहून गेलंय. तुझ्या नवऱ्यानेही ते कधी सांगितलं नसेल.

नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून जी तारीख तो अध्याय, अशी आमची रीत होती. जेवणाआधी सतरंजी पडायची, एखादं गीत व्हायचं, मग वाचन. तुझा नवरा दहावीच्या सहामाहीत गणितात नापास झाला, त्या दिवशी सहा तारीख होती. सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे पाठवलंय. ते वचन मी मोठ्याने वाचलं, थांबले, पोराकडे पाहिलं आणि पुन्हा वाचलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सतरंजीवर येऊन बसायचा, पण मान खाली, आणि 'आमेन' म्हणताना त्याचा आवाज ऐकू यायचा नाही.

तुझ्या सासऱ्यांनी आठवडाभर हे पाहिलं. मग एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातून शास्त्र घेतलं आणि ईयोबाचा दुसरा अध्याय काढला. ईयोबाचं सगळं गेलंय, अंगभर गळवं आलीत. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. एवढंच वाचून त्यांनी पुस्तक मिटलं. ना स्पष्टीकरण, ना उपदेश. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. भात निवला. बऱ्याच वेळाने पोर म्हणालं, आठवीपासून बीजगणित कळत नाहीये आणि वर्गात विचारायची लाज वाटते. दोन वर्षं तो हे एकट्याने ओढत होता, आणि मी त्याला मुंगी दाखवत होते.

पुढे मी ईयोब सबंध वाचला. अलीफज आणि त्याचे सोबती बोलायला लागतात तेव्हा त्यांची कितीतरी वाक्यं आपल्यालाही पटतात. अलीफजाच्या तोंडचं एक वाक्य तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आधाराला घेतलंय. तरी शेवटी परमेश्वराचा कोप त्या मित्रांवरच होतो, आणि ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागते. वचन खरं असलं तरी ते कोणाला, कोणत्या वेळी सांगायचं हे वेगळं कळावं लागतं. नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय उघडून बघ. मूर्खाला उत्तर देऊ नकोस असं एक वचन सांगतं, आणि लगेच पुढचं सांगतं की दे. लहानपणी मला ती चूक वाटायची. आता वाटतं, मुद्दामच शेजारी ठेवलीत, म्हणजे माणसाला थांबून विचार करावा लागेल.

म्हणून माझं एकच मागणं आहे. पुस्तक एकाच्या हातात राहू देऊ नकोस. ते फिरू दे. नातीने विचारलं, की नीतिमानाचं भलं होतं म्हणता, मग अमक्या चांगल्या माणसावर असं का आलं, तर "असं विचारू नये" म्हणू नकोस. उपदेशकानेही तेच पाहिलंय आणि लिहूनही ठेवलंय. तिला ते पान काढून दे. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण. गिबोनात देवाने शलमोनाला काय हवं ते माग म्हटलं तेव्हा त्याने समजूतदार मन मागितलं. तोच शलमोन म्हातारपणी भरकटला. तेव्हा मागायला आम्ही थोरांनीही बसायला हवं. शहाणपण कमी पडलं तर देवाकडे मागावं, मागणाऱ्याला तो टोमणा मारत नाही, हे याकोबाने पत्राच्या सुरुवातीलाच सांगितलंय. मी त्या संध्याकाळी नेमका टोमणाच मारला होता.

शब्द अडला तर त्यावरून पुढे पळू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावात इब्री आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणलं. साध्यासुध्या बायकांना वाचून कळावं, हाच त्यांचा ध्यास होता, आणि १९२२ साली जाईपर्यंत त्या या कामात गुंतलेल्या होत्या. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापायलाही तिथल्या बायकाच होत्या. इतक्या कष्टाने हातात आलेल्या पुस्तकातल्या शब्दाचा अर्थ विचारून एखादं पोर वाचन थांबवत असेल, तर थांबू दे.

आणि नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय. सद्गुणी स्त्रीचं ते वर्णन लग्नात तुलाही ऐकवलं गेलं. तेव्हा मंडळींसमोर तुझा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं. त्या अध्यायाची सुरुवात मात्र कोणी वाचली नाही. लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण आहे ती: मद्यापासून जप, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू बोल, गरिबाला न्याय दे. आईने मुलाला सांगितलेलं आहे ते, सूनबाई. तेव्हा तो अध्याय आला की वाचायला माझ्या मुलाला सांग, आणि पहिल्या वचनापासून.

आज एकोणीस तारीख. आम्ही दोघं सातला बसतो. फोन लावून मधे ठेव. आज धाकट्याने वाचायचं. जोडाक्षरांपाशी तो अडखळेल, पण कोणी पुढचा शब्द सांगायचा नाही. आम्हाला घाई नाही.

तुझी,
आई