अख्खं नाव

तुमचं नाव कुणी सुचवलं, ठाऊक आहे? बारशाला आत्यानं कानात कुर्रर्र केलं, ते झालंच. पण हेच नाव का? विचारलंय कधी घरी? मीही विचारलं नव्हतं. एका कादंबरीनं मला ते विचारायला लावलं. आधी तिचीच गोष्ट सांगते.

लेखिकेचं नाव पॉल मार्शल. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावरचे. ही जन्मली १९२९ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. आई आणि तिच्या मैत्रिणी लोकांच्या घरची कामं करून यायच्या आणि स्वयंपाकघरात बसून मनसोक्त बोलायच्या. छोटी पॉल कोपऱ्यात बसून ऐकायची. आपली पहिली शाळा तीच, असं ती पुढं मानत आली. १९८३ साली तिची 'प्रेझसाँग फॉर द विडो' ही कादंबरी आली.

तिची नायिका एव्ही ही साठी उलटलेली, पैशानं सुखी अशी विधवा. मोठ्या जहाजातून सहलीला निघालेली असते. एका रात्री स्वप्नात तिची चुलत आजी येते आणि 'चल माझ्याबरोबर' म्हणून तिला ओढू लागते. एव्ही इतकी बेचैन होते, की सहल अर्धवट सोडून ग्रेनाडा बेटावर उतरते. तिथं एक लंगडा म्हातारा दुकानदार तिला विचारतो, तुमचं कूळ कोणतं? एव्हीला उत्तर देता येत नाही!

हा प्रश्न साधा नाही बरं का. या बेटांवरच्या बहुतेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. माणसांबरोबर त्यांची नावंही हिरावली गेली. पण जवळच्या कारियाकू या चिमुकल्या बेटावर लोकांनी एक गोष्ट जपली. मोठे ढोल वाजवून पूर्वजांची आठवण काढायची आणि एकेका कुळानं आपापला नाच करायचा. ग्रेनाडात राहणारी तिथली माणसं दरवर्षी होडीतून गावी निघतात, आपल्याकडे गणपतीला चाकरमानी निघतात ना, तशी! म्हातारा एव्हीलाही घेऊन जातो. वाटेत बोट लागून तिचे खूप हाल होतात. पण रात्री ढोल वाजू लागतात आणि तिच्या लक्षात येतं, की हीच पावलं लहानपणी चुलत आजीच्या गावी पाहिली होती. ती नाचात शिरते. कुणीतरी नाव विचारतं, तेव्हा तिला आजीची ताकीद आठवते आणि ती अख्खं नाव सांगते: अवतारा. ओळखीचं वाटलं ना? आपला 'अवतार'च तो! आजीच्या आजीचं नाव तिला दिलेलं होतं.

इथं मी पुस्तक मिटलं. कारण माझं नाव सत्यभामा.

सहावीत नव्या शाळेत मुली हसल्या, म्हणून मी वह्यांवर 'सत्या' लिहू लागले. आजीला बजावलं, "मैत्रिणींसमोर अख्खं नाव घ्यायचं नाही हं." आजी काहीच बोलली नाही. त्यानंतर चारचौघांत ती मला नुसतं 'बाळ' म्हणायची.

पुस्तक वाचलं, तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग मी थोरल्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, सत्यभामा म्हणजे आजीची आई. नवरा लवकर गेला. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन गावोगाव फिरायची. त्या पैशांवर तुझी आजी चौथीपर्यंत शिकली."

चौथीपर्यंत! म्हणूनच ती मला रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायची. आणि मला त्या नावाची लाज वाटत होती.

एव्ही शेवटी ठरवते, की नातवंडांना चुलत आजीच्या गावी बोलवायचं आणि तिथल्या गोष्टी सांगायच्या. मला सांगणारी मावशी तरी भेटली. तुमच्या घरी आजीआजोबा असतील, तर आजच त्यांच्याजवळ बसा. विचारा, माझं नाव कुठून आलं? लगेच उत्तर नाही मिळालं, तर उद्या पुन्हा विचारा.

तुमची,
सत्यभामाताई