कामी आलेली माणसे

मुंबईहून पुण्याला निघालेल्या मराठी माणसाला कर्जत म्हटले की आठवतो तो बटाटेवडा. गाडी थांबते, वडेवाल्यांच्या हाका सुरू होतात, मुले खिडकीशी झेपावतात. आपण वडा खात असतो, तेव्हा मागे बऱ्याच गाड्यांना घाट चढविण्यासाठी जादा इंजिने जोडली जात असतात. तिकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

यंदा पावसाळा सरताना मी पुण्याचा बेत बाजूला ठेवला आणि कर्जतहून खोपोलीची लोकल धरली. पळसदरीला दोन वाटा फुटतात. एक बोरघाट चढू लागते. दुसरी केळवली, डोळवली, लौजी करीत पायथ्यापायथ्याने खालापूर तालुक्यात खोपोलीला जाते. आगगाडी 1856 साली खोपोलीपर्यंत आली, पण घाट ओलांडायला तिला 1863 साल उजाडावे लागले. सुमारे पंधरा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, आणि 1861 च्या जानेवारीत एका वेळी बेचाळीस हजार मजूर! हे आकडे पुस्तकांतून सापडतात. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर काम पुढे नेणारी त्याची पत्नी ॲलिस हिचेही नाव राहिले आहे.

पण रस्ता बांधून झाला म्हणजे संपत नाही. तो रोज चालता ठेवावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम करणाऱ्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे, असा काही ठिकाणचा हा चढ. डब्याला डबा जोडायचा तर माणसाला दोन्हींच्या मधोमध शिरावे लागे. दोन्ही अंगांना लोखंडी बफर, मध्ये आकडा आणि पीळ देऊन आवळायचा स्क्रू. तेवढ्यात डबा हातभर सरकला की संपले! सांधेवाल्याला रात्री-अपरात्री रुळांतून ये-जा करावी लागे. गँगमन भर पावसात रूळ तपासत, दरडीचे दगड हटवीत. वळणामुळे गाडी दिसत नसे, पावसाच्या आवाजात ती ऐकूही येत नसे. बोगद्यात गाठले तर भिंतीतल्या कोनाड्यात अंग चोरून उभे राहायचे.

उतारूंच्या गाडीला अपघात झाला, तर वर्तमानपत्रे भरून जात. इथे माणूस एकेकटा जाई.

पळसदरीच्या फलाटावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. घराणेच रेल्वेतले. मी आजोबांविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आजा गाडीखाली आला, एवढंच घरात सांगत. कसा आला, ते कोणी विचारलं नाही, सर."

मराठी शिकविणे हा माझा धंदा, म्हणून ते शब्द मनात अडकून बसले. रणात पडलेल्या शिपायाला आपण 'कामी आला' म्हणतो. खरोखर कामावर असताना गेलेला हा गँगमन मात्र 'गाडीखाली आला'! जणू काही चूक त्याचीच, गाडीच्या वाटेत तोच आला.

कायद्यानेही हा प्रश्न बराच काळ असाच टाळला होता. कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला 1923 साली आणि 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. त्याने रेल्वे कामगारांनाही आपल्या छत्राखाली घेतले. मालकाची चूक सिद्ध करा, ही अट गेली. कामामुळे व कामावर असताना अपघात झाला, एवढे पुरे. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचे वेतन किंवा अडीच हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळायची. महिना पंधरा रुपये मिळविणाऱ्याच्या मागे साडेचारशे रुपये! नशा, किंवा हुकूम अथवा नियम जाणूनबुजून मोडणे, हे अपघाताचे कारण ठरले, तर तेही नाही. मृत्यूच्या प्रकरणांतून हा अपवाद 1933 च्या दुरुस्तीने निघाला.

साडेचारशे रुपये म्हणजे माणसाची किंमत नव्हे, हे खरेच. पण त्या रकमेबरोबर एक गोष्ट प्रथमच कागदावर आली: हा मृत्यू कामाचा होता, आणि त्याचे देणे कामाने फेडायचे होते. घुंगट आवरून साहेबासमोर उभ्या राहणाऱ्या विधवेचे मागणे आता भीक नव्हती, हक्क होता.

निघताना मी त्या गृहस्थांना म्हटले, "तुमचे आजोबा गाडीखाली आले नाहीत, आजोबा. ते कामी आले."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने शेजारच्या नातवाला म्हणाले, "ऐकलंस का रे?"

दिवाळीत बहिणी भावांची वाट पाहतात. भाऊ घाट चढून सुखरूप पोहोचतात. त्या सुखरूपपणाचा हिशेब कधी मांडलाच, तर त्यात ही बिननावाची माणसे धरायला हवीत.