चिंचोक्यांचा डाव

पत्त्यांत ज्यांचा हात उपजत आहे असे लोक म्हणतात, अशा माणसांचा मला पूर्वी फार हेवा वाटे. त्या हेव्याची हकीकत थोडी लाजिरवाणी आहे, तरी सांगतो.

चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कारखान्याच्या बसमध्ये मागच्या लांब बाकावर पत्त्यांचा अड्डा असे. मोशीला इंद्रायणीच्या पुलाअलीकडे वाहनांची दाटी झाली की रमीचे दोन डाव सहज होत. पुढे रमीचा कंटाळा आला, तेव्हा मीच तेथे पोकर आणला. पैशाला मज्जाव होता, पैज चिंचोक्यांची. चिंचवडात चिंचोक्यांची वाण नसावी असे गावाच्या नावावरून कोणालाही वाटेल. पण ते आम्हाला मंडईतून विकत आणावे लागले!

आमच्यात जुळणी विभागातले एक गृहस्थ होते. नियम कळल्यापासून आठवड्याच्या आत ते आम्हा सर्वांना लुटू लागले. कोण हूल देतो आहे आणि कोणाच्या हाती खरेच पाने आहेत, हे ते नुसत्या नजरेने ओळखीत. राजांची जोडी आली की मी चष्मा वर सारतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

ईर्ष्येने मी अभ्यासाला लागलो. समजा, हातातली दोन आणि मांडलेली चार मिळून आपल्याकडे चार बदाम आहेत. न दिसलेली पाने ४६. त्यांत बदाम ९. शेवटचे पान बदाम निघण्याचा संभव पाचात एकाहून किंचित कमीच. तेव्हा मध्ये २०० चिंचोके असता आणखी १०० देऊन ते पान पाहणे हा तोट्याचा व्यवहार. ५०० असतील तर फायद्याचा. असली गणिते मी भांडी विसळतानाही घोकीत असे. तरीही मी नियमाने वागून हरे आणि ते नियम मोडून जिंकत. बरोबर निर्णय घेणाराही पाचांतून चार वेळा हरतो, आणि चुकलेला एखादे वेळी घबाड मारतो; मग निकालावरून कोणी काय शिकावे?

रमी हा केवळ नशिबाचा खेळ नव्हे, पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते. आमच्या सोबत्यांनी पानांऐवजी माणसे ध्यानात ठेवली होती. अकरा वर्षे ते त्याच बसने आमच्याबरोबर येत होते. त्यांनीही अभ्यासच केला होता. फक्त त्यांचा ग्रंथ आम्ही होतो. हे मला फार उशिरा उमगले.

एके दिवशी ते म्हणाले, "मास्तर, मोबाइलवर पैशाचा पोकर सुरू केलाय. तुमचे ते आकडे जरा शिकवा की." मी म्हणालो, "तुम्हाला काय गरज? तुमचा हात उपजत आहे." या उत्तरात कौतुक किती होते आणि सूड किती, हे मी आजही सांगू शकत नाही.

मोबाइलवर चेहरे नव्हते. होती ती टोपणनावे आणि वाटोळी चित्रे. २०१७ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे लिब्रॅटस नावाच्या संगणकाने चार कसलेल्या खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले, तेही एकाचाही चेहरा न पाहता. तो हूलसुद्धा हिशेबाने देई. आमच्या सोबत्यांपाशी हिशेब नव्हता, आणि वाचायला चष्मा वर सारणारे कोणी नव्हते. घराच्या दुरुस्तीसाठी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम चार महिन्यांत गेली. पैशावर खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. तोवर त्यांच्या छपराची गळती तिसरा पावसाळा पाहत होती.

मागच्या बाकावर ते बरेच दिवस येईनात. परवा मात्र माझ्या शेजारी येऊन बसले. "ते शेहेचाळीस आणि नऊ कसे, एकदा सांगा," म्हणाले. मी वहीच्या पाठपानावर मांडून दाखवले. त्यांनी बोटे मोजून ते दोनदा तपासले.

"म्हणजे पाचांतून चार वेळा ते पान येणारच नव्हते?"

"नव्हते."

"हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होते?"

बस पुलाअलीकडे थांबली होती. मी होय म्हणालो.