खिडकीतून दिलेले जेवण

पुण्याला परदेशी विद्यार्थ्यांचे नवल कधीच उरले नाही. फर्गसन रस्त्यावर संध्याकाळी नुसते उभे राहावे. नाना देशांच्या बोली कानांवरून जातात. त्यांचा मेळावा असला की आपण हार घालतो, लेझीम दाखवतो, पुरणपोळीवर तुपाची धार धरतो. हौस दांडगीच आपली! पण पाहुणा आजारी पडला म्हणजे?

डॉ. शां. ब. मुजुमदार फर्गसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते, तेव्हाची गोष्ट. मुलांच्या एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी काहीतरी आत देताना त्यांना दिसली. संशय आला, रेक्टरला तो न येईल तरच नवल! चौकशी केली, तो आत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला. ती त्याला जेवण पोचवीत होती. मुलांच्या वसतिगृहात मुलीला प्रवेश कुठला?

मुजुमदार वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. दोन भिन्न जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, त्याला त्या शास्त्रात ‘सिम्बायोसिस’ म्हणतात. तेच नाव देऊन त्यांनी १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी संस्था काढली. पुढे तिचे विद्यापीठ झाले. सेनापती बापट रस्त्यावर तिचे आफ्रो-आशियाई वस्तुसंग्रहालय आहे. सवडीने जरूर पाहावे. मला मात्र फर्गसनमधली ती खिडकी दाखवणारा कुणी जाणता अजून हवा आहे.