ऐकते ती श्राविका



उन्हाळा आला की आपल्या घरात कुरडया, सांडगे, आमरस आणि लग्नसराई. कॉलेजातल्या मुलांच्या मागे आता आणखी एक काम लागलंय, ते म्हणजे इंटर्नशिप. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि समाजात जाऊन करायचा प्रकल्प यांनाही क्रेडिट मिळतात. बहुतेक मुलं सीएच्या ऑफिसात नाहीतर बँकेत जातात. माझ्या पुतणीच्या मुलीनं मात्र मागच्या उन्हाळ्यात माण तालुक्यातल्या एका खेड्यात, बचत गटांचं काम करणाऱ्या संस्थेत सहा आठवडे जायचं ठरवलं आणि घरात एकच कल्ला झाला.

"काकू, तुम्ही तरी समजवा तिला," पुतणी म्हणाली. माणदेशातलं ऊन, पाण्याचे हाल, परक्या घरात मुक्काम, रात्री न जेवण्याचा नियम, कंदमूळ वर्ज्य. सगळ्या काळज्या खऱ्याच होत्या. शेवटी ती म्हणाली, "आणि तिथं शिकणार काय? बायका गोळा करायला?"

हा शेवटचा प्रश्न माझ्या मनात राहिला. आपल्या समाजाला दान चांगलं कळतं. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान लहानपणापासून आपल्या कानावर असतं. पण लोकांचं संघटन करणं म्हणजे दान नव्हे. मग ते काय?

मला अक्षय्य तृतीयेची कथा आठवली. भगवान आदिनाथ आहारासाठी महिनोन् महिने फिरले. लोकांची भक्ती कमी नव्हती. कोणी रत्नं पुढे केली, कोणी हत्ती-घोडे. पण मुनींना काय द्यायचं आणि कसं द्यायचं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला पूर्वभवाच्या स्मरणानं ते उमगलं आणि इक्षुरसाचा आहार झाला. आपण उसाच्या मुलखातल्या बायका दरवर्षी ही कथा ऐकतो आणि रस पितो. पण त्याआधीच्या महिन्यांत देणारे इतके असून उपवास का घडला, याचा विचार करत नाही. देणाऱ्यांची उणीव नव्हती, समजून घेणाऱ्याची होती.

याचंच आपल्या जवळचं उदाहरण म्हसवडचं आहे. मुंबईत शिकलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर तिथं राहिल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या कांताबाई त्यांच्याकडे आल्या. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. पण एवढ्याशा बचतीसाठी बँक खातं उघडून देत नव्हती. कोणी म्हणेल, एक कागद घेऊन द्यायचा आणि विषय संपवायचा. पण त्यांनी कागद मागितलाच नव्हता, बचत करायची सोय मागितली होती. म्हणून बायकांचीच बँक काढायचं ठरलं. सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं शिकल्या आणि दुसऱ्या वेळी स्वतःच अधिकाऱ्यांपुढे जाऊन बसल्या. आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या लोकांनाही कॅलक्युलेटरशिवाय काढायला सांगा, असं त्यांनी सुनावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मी स्वतः बी.कॉम., त्यामुळे त्या तोंडी व्याजाचं मला फार कौतुक वाटतं.

आमची नात गेली. जाताना मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे हे शिकवणारे तक्ते छान रंगवून नेले होते. पहिले दहा दिवस ते पिशवीतच राहिले. ती बायकांबरोबर पाण्याला जायची, गटाच्या बैठकीत वही लिहायची, बाकी नुसती बसून असायची. फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मी काहीच करत नाहीये." मी म्हटलं, "बस तशीच अजून थोडी."

हळूहळू तिला एक गोष्ट कळली. दहावीनंतर गावातल्या मुलींची शाळा सुटते, कारण ज्युनियर कॉलेजच्या वेळेला एसटीच नाही. बायकांच्या बोलण्यात हे रोज यायचं, पण कोणी मागणी म्हणून मांडलं नव्हतं. तिनं अर्जाचा मसुदा लिहून दिला. सह्या बायकांनी घरोघरी फिरून गोळा केल्या. आगारात बोलायलाही त्याच गेल्या, ही मागे उभी राहिली. जूनमध्ये ती परतली तेव्हा बस सुरू झाली नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांतल्या एकीचा फोन आला, "पोरी, आम्ही परत जाऊन आलो, आता वरच्या ऑफिसला जाणार." ही इथं सांगलीत होती. तिच्यावाचून त्या गेल्या, हेच तिच्या कामाचं फळ, असं मी तिला सांगितलं.

आणि नियमांचं म्हणाल, तर ज्या घरी ती राहिली ती माउली माळकरी निघाली. "आमचीबी एकादशी असती, नेम आमाला कळतो," म्हणून दिवस मावळायच्या आत हिला मटकीची आमटी आणि बाजरीची भाकरी वाढायची.

आपल्या घरच्या बायकांचं हे काम नव्हे, असंही कानावर आलं. माझं माहेर साताऱ्याचं, कॉलेज रयतचं. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील आधी कंदील आणि नांगर विकत खेडोपाडी फिरले होते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह उभं केलं. त्या मुलांचं जेवणखाण लक्ष्मीबाईंनी सांभाळलं. पैसे संपले तेव्हा अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या गेल्या. परक्याची पोरं आपल्या चुलीपाशी बसवणारी ही बाई आपल्यातलीच होती.

मात्र डोळे मिटून मुलीला पाठवा असं मी म्हणणार नाही. राहायचं कोणाच्या घरी, रोजचं काम कोण बघणार, प्रवास आणि जेवणाचा खर्च कोणाचा, हे आधी विचारून घ्या. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचं संरक्षण शिकाऊ मुलींनाही आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं तक्रार समिती असावीच लागते. ती आहे का, सदस्य कोण, हे विचारायला लाजू नका. तिथं पोचल्यावर एकदा स्वतः जाऊन या.

आमच्या महिला मंडळात मी सुचवलंय की शिष्यवृत्त्या देतो तशी दर उन्हाळ्यात एका मुलीच्या प्रवासाची आणि जेवणाची रक्कम काढून ठेवावी. दोघींनी नाक मुरडलं, पण पाच जणींनी पैसे आणून दिले.

श्रावक-श्राविका हे शब्द श्रवणावरून आले आहेत. प्रवचन ऐकायचं तेवढंच आपण श्रवण समजतो. माणदेशातल्या बाईचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकणं हेही त्यातच येतं, असं मला वाटतं. तुमच्या घरातली लेक किंवा नात असं काही करायचं म्हणाली, तर वरचे सगळे प्रश्न तिला जरूर विचारा. आणि तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.